तिसऱ्या गटाचे पाणी

सोमवार, ६ जानेवारी २०२५

आज सकाळी साडेनऊला तीस उंदरांना एकेक इंजेक्शन देण्यात आले. ते माझ्या प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्याने, आमोदने दिले. मी केवळ पिंजऱ्यावरची चिठ्ठी वाचून क्रमांक सांगत होते, आणि तरीही घाम माझ्याच तळहातांना आला होता.

प्रयोगाच्या वहीत जे लिहिता येत नाही, ते या वहीत लिहायचे ठरवले आहे.

प्रयोग थोडक्यात असा. मोठ्या आतड्याला वर्षानुवर्षे सूज राहिली, तर पुढे तिथे कर्करोग होण्याचा धोका वाढतो. उंदरांमध्ये ती अवस्था आणण्यासाठी एक इंजेक्शन देतात आणि नंतर ठरावीक आठवड्यांत पिण्याच्या पाण्यातून एक दाहकारक भुकटी देतात. पहिल्या गटाला साधे पाणी. दुसऱ्याला भुकटीचे पाणी. तिसऱ्याला भुकटीच्याच पाण्यात कुड्याच्या औषधी झाडाच्या सालीचा अर्क. तिसरा गट दुसऱ्यापेक्षा बरा राहिला, तर अर्कात काही संरक्षक गुण आहे असे म्हणता येईल.

अर्क पाण्यात मिसळण्याची सूचना माझी. आधी तो प्रत्येक उंदराच्या घशात नळी घालून द्यायचे ठरले होते. ते मला पाहवत नाही. करणे तर दूरच. बैठकीत मी आयुष्यात प्रथमच आपण होऊन हात वर केला. आमचे प्रमुख सलिल सर यांनी चष्म्यावरून पाहिले आणि म्हणाले, "वा. मूर्ती बोलली." मग सूचना मान्यही केली. कात्रजच्या आमच्या संस्थेतून परतताना स्वारगेटपर्यंत बसमध्ये उभी होते, पण पाय दुखल्याचे आठवत नाही.

घरी येऊन ताईला सांगितले. ती म्हणाली, "उंदरायची काळजी तुले, अन् माही कोणाले?" आणि हसली. मीही हसले. हा विषय मी तिच्यासाठीच निवडला, हे तिला ठाऊक आहे.

रविवार, १२ जानेवारी

ताईचा आजार तेरा वर्षांचा आहे. दहावीच्या परीक्षेच्या आधी वणीच्या सरकारी दवाखान्यात त्याला साधे जुलाब समजले गेले. निदान व्हायला वर्ष लागले. मोठ्या आतड्याची सूज. रोज गोळ्या, आणि दहा वर्षे उलटल्यानंतर दरवर्षी दुर्बिणीची तपासणी. ती तपासणी याच महिन्यात आहे. म्हणजे होती. ताईने ती पुढे ढकलली.

"काहून?" मी विचारले. आम्ही दोघीच असलो की माझीही भाषा वणीची होते.

"ऑफिसात काम आहे न बाप्पा. मार्चात करू."

तिच्या कार्यालयात जानेवारीत नेमके कसले काम असते, ते मला कळलेले नाही. ती माझ्या नजरेस नजर देत नव्हती.

सोमवार, २० जानेवारी

पहिला आठवडा संपला. दुसऱ्या गटातील दहाही उंदरांच्या विष्ठेत रक्त आहे. तिसऱ्या गटात एकाच्याही नाही. दहापैकी शून्य.

आमोदने हवेत मूठ उडवली. "बॉस, हा रिझल्ट फ्रेम करून लावायचा." सर एरवी कोणाचेही कौतुक करत नाहीत, पण आज त्यांनी स्वतः चहा मागवला.

मला आनंद झाला, परंतु तो फार काळ टिकला नाही. शाळेत गणितात पैकीच्या पैकी गुण पडले की आमच्या बाई माझा पेपर पुन्हा तपासत. मला वाईट वाटे. आता त्यांचे बरोबर होते असे वाटते. निसर्गात दहापैकी दहा मिळत नाहीत. शिवाय तिसऱ्या गटाचे वजन किंचित उतरले आहे. ज्यांना काहीच झाले नाही, त्यांचे वजन का उतरावे?

बाहेर बोलायचे नाही अशी सरांची ताकीद आहे. मी ताईला सांगितले. ती पोळ्या लाटत होती, लाटणे थांबवून ऐकत राहिली.

"म्हणजे एकालेही रक्त नाही?"

"एकालेही नाही."

"अन् माणसाले किती लागंल मग? उंदीर तर एवढासा असते."

मी तिला वजनाचे गणित मांडून दाखवले. बावन्न किलोच्या माणसाला रोज किती ग्रॅम साल, किती पाण्यात उकळायची. निव्वळ मौज म्हणून. ताईचे वजन बावन्न आहे.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

दुसऱ्यांदा भुकटीचा आठवडा चालू आहे. आज मला जे दिसले, ते मी शांतपणे लिहिण्याचा प्रयत्न करते.

बाटल्या सोमवारी भरतात आणि गुरुवारी बदलतात. दुसऱ्या गटाच्या बाटल्या आज अर्ध्याखाली आल्या होत्या. तिसऱ्या गटाच्या जवळजवळ भरलेल्या. सोमवारी भरलेली बाटली गुरुवारी भरलेलीच कशी राहील? कोणी तरी मधल्या काळात त्यात साधे पाणी ओतत असले, तरच. साधे पाणी ओतले की भुकटी विरळ होते, आतडे वाचते आणि अर्क गुणकारी ठरतो.

उंदीरघराची किल्ली दोघांकडे असते: सुखदेव आणि आमोद. सुखदेव तिथला परिचर. कात्रजच्या घाटापलीकडचे त्याचे गाव आता शहरात आले आहे, त्याची बोली अजून आलेली नाही. मी त्याला विचारले, बाटल्यांना हात कोण लावते?

"मीच लावतो की. माझं कामच हाय त्ये."

"मधल्या दिवशी पाणी भरता का?"

"भरायला रिकामी तर व्हाया पायजे, मॅडम." मग थोडे थांबून म्हणाला, "तुमच्या उंदरास्नी तहान लागत न्हाय जनू."

मी त्याची नोंदवही उघडली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिले होते: 'गट ३ पानी कमी पितो.' हे उघडच आपला बचाव म्हणून लिहून ठेवले आहे. इतकी साधी गोष्ट असती, तर ती सरांच्या लक्षात आली नसती का?

शनिवार, ८ फेब्रुवारी

गुरुवारी नव्या भरलेल्या बाटल्यांवर मी पाण्याच्या पातळीशी काळ्या शाईची बारीक रेघ मारून ठेवली होती. आज सुटी असूनही गेले आणि सुखदेवकडून दार उघडून घेतले. पाणी रेघेच्या जेमतेम खाली होते.

आणि माझ्या रेघेशेजारी दुसरी एक रेघ होती. हिरवी.

पाणी ओतताना कुठवर ओतायचे, याची खूण असणार. आमोदच्या खिशात कायम हिरवे पेन असते. सप्टेंबरात त्याला परदेशातील परिषदेत हा विषय मांडायचा आहे. इंग्रजी शाळेत शिकलेला, सर्वांशी हसून बोलणारा, सरांना नावाने हाक मारण्याइतका धीट. अशा मुलाला माझ्यासारखीने काही विचारायचे, तर पुरावा हवा.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

घरी आठवडाभर चहा कडवट लागतो आहे. आज तर घोट घेताच जिभेच्या मुळाशी काही तरी चिकटून बसल्यासारखे झाले. ताई म्हणाली, "पातेलं नीट धुतलं गेलं नसंल." पातेले मीच धुतले होते.

मला घरमालकीणबाईंचा संशय आहे. टाकीत त्यांनी काही औषध टाकले असावे. जिन्यात विचारले, तर म्हणाल्या, "टाकीत औषध टाकायला आम्ही काय नगरपालिका आहोत का?" त्यांच्या दाराला लावलेल्या सहा सूचनांमध्ये उद्या सातवीची भर पडेल.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

तिसऱ्या फेरीसाठी साल आणायला काष्ठौषधीच्या दुकानात गेले. आमच्या घरापासून तिसऱ्या गल्लीत आहे. दुकानदार आजोबांनी तराजूकडे न पाहताच म्हटले, "परत? पावशेर परवाच नेली ना? उंदीर पाळलेत की हत्ती?"

"मी नाही नेली."

"तुम्ही नाही, पण चिठ्ठी तुमचीच. अक्षर ओळखतो मी. हल्ली एवढं सुवाच्य लिहितं कोण?"

"कोणी आणली होती?"

"बाई, मी साल विकतो. जनगणना करत नाही."

घरी येऊन वही चाळली. ज्या पानावर मी ताईला गणित मांडून दाखवले होते, ते पान फाडलेले आहे. ही वही मी पिशवीत घालून प्रयोगशाळेत नेते आणि पिशवी टेबलाखाली ठेवते. म्हणजे कोणी तरी माझी पिशवी उघडून पान फाडले, माझ्याच घराजवळच्या दुकानात जाऊन साल विकत घेतली आणि स्वतंत्र अर्क तयार केला. कशासाठी? बाटल्या बदलण्यासाठी.

आजपासून पिशवीला छोटे कुलूप लावले आहे. ताई म्हणाली, "अगं, त्यात आहे काय चोरण्यासारखं?" तिला सांगितले नाही. तिला ताण नको.

गुरुवार, २० फेब्रुवारी

ताईचेही काही तरी चालले आहे. ती न्हाणीघरात फोन घेऊन जाते आणि नळ सोडून अर्धा-अर्धा तास बसते. पाण्याच्या आवाजात बोलणे ऐकू येऊ नये म्हणून असणार. स्वतःचे कपडे वेगळे धुते. बारीक झाली आहे. परवा मी म्हटले, "चेहरा उतरला तुझा," तर म्हणाली, "डाएट करून राहिली." तिचे कोणाशी तरी जुळले असावे आणि ती मला सांगत नसावी, असा माझा तर्क आहे. सांगितले असते, तर मी आनंदीच झाले असते. थोडे वाईट वाटते.

तिच्या गोळ्यांचे नवे पाकीट कपाटात न उघडता पडले आहे. कार्यालयात दुसरे ठेवत असेल.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

तिसरी फेरी कालपासून सुरू झाली. सरांनी परिषदेसाठीचा गोषवारा पाठवून दिला. त्यात तिसरे नाव माझे आहे. नाव छापलेले पाहून मला आनंद झाला नाही. उद्या कोणा आजाऱ्याने हे वाचले आणि खरे मानले, तर?

रात्री जेवणाआधी सरांना पत्र लिहिले. अडीच पाने. बाटल्या, हिरवी रेघ, फाडलेले पान, सुखदेवचा शेरा, सगळे क्रमवार. आमोदचे नाव चार वेळा आले आहे. शुक्रवारी विज्ञान दिनाच्या कार्यक्रमानंतर देईन. पत्र कुलूपबंद पिशवीत आहे.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

जसे घडले तसे लिहिते.

विज्ञान दिनानिमित्त शाळेच्या मुलींना संस्था दाखवायची होती. मराठी शाळेच्या मुली म्हणून सरांनी मला उभे केले. समोर कुड्याची साल, तपकिरी अर्काचे चंचुपात्र आणि उंदरांची छायाचित्रे ठेवली होती. मी पाठ केलेले सगळे सांगितले. मागे आमोद भिंतीला टेकून ऐकत होता.

दोन वेण्या घातलेल्या एका मुलीने हात वर केला. "ताई, हे लागतं कसं?"

मी म्हटले, "म्हणजे?"

"म्हणजे चवीला. उंदरांना आवडतं का?"

मला प्रश्नाचे उत्तर येत नाही, असे शाळेत कधी घडले नाही. मी म्हणाले की प्रयोगशाळेत कोणतीही वस्तू तोंडात घालायची नसते, हा पहिला नियम आहे. मुलीने मान डोलावली. पण ते तिच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते, हे आम्हा दोघींनाही कळले होते.

मुली गेल्यावर मी चंचुपात्रात काचेची कांडी बुडवली आणि जिभेला लावली.

कडू. जिभेच्या मुळाशी चिकटून बसणारा, गिळूनही न जाणारा कडूपणा. तो मला नवा नव्हता. तीन आठवडे मी तो चहात पीत होते.

मी स्टुलावर बसले. प्रथम उंदीर कळले. इतके कडू पाणी ते पीतच नव्हते. पाणीच कमी प्यायले म्हणून भुकटीही पोटात कमी गेली. कोणी काही ओतले नव्हते. सुखदेवने खरे तेच लिहिले होते आणि अर्क पाण्यात मिसळायला मी सांगितले होते.

मग पान आठवले. बावन्न किलो. मग पातेले, नळ, गोळ्यांचे पाकीट.

आमोद समोर येऊन उभा होता. "तू ते चाटलंस? सिरियसली?"

"हिरवी रेघ तुझी का?" मी विचारले.

तो गोरामोरा झाला. "हो. अगं, मला वाटलं तू पाणी भरतेस. बाटल्या संपतच नव्हत्या. आणि पिशवीला कुलूप लावून फिरत होतीस. मी सरांना सांगणार होतो, पण म्हटलं आधी खात्री करू."

मी पिशवीचे कुलूप काढले, पत्र त्याच्या हातात दिले आणि म्हटले, "हे वाच आणि फाड. मला घरी जायचंय." ताई फोन उचलत नव्हती. आमोदने गाडीची किल्ली घेतली.

ताई घरीच होती. दुपारी अडीच वाजता, अंथरुणावर, पाय पोटाशी घेऊन. कार्यालयात ती सोमवारपासून गेलेली नव्हती. माझ्याबरोबर डबा घेऊन खाली उतरायची आणि थोड्या वेळाने परत वर यायची.

"कधीपासून रक्त?" मी विचारले.

"पंधरा दिवस."

"गोळ्या?"

"जानेवारीतच सोडल्या न. दोन्ही कशाले घ्यायचं? तेरा वर्षं झाली मले गोळ्या खाऊन. ते दुर्बीण घालून घेऊन. मले वाटलं, काढा जुना रोग बाहेर काढून राहिला, म्हणून रक्त. होईल बंद." मग ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुहे उंदीर तर बरे हून राहिले होते न?"

"ते पीत नव्हते, ताई. कडू होतं म्हणून पीतच नव्हते."



"मी तर सगळं पेली," ती म्हणाली.

रविवार, २ मार्च

ताईला रुग्णालयात दाखल केले आहे. सूज पूर्वीपेक्षा वर चढली आहे. शिरेतून औषध चालू आहे. बाबा वणीहून निघाले. दुर्बिणीच्या तपासणीत एका जागेचा पृष्ठभाग डॉक्टरांना निराळा वाटला, तिथले तुकडे घेतले आहेत. अहवालाला दहा दिवस. तो काय येईल, याचे मला गणित मांडता येत नाही.

मंगळवार, ४ मार्च

बैठकीत मी आपण होऊन दुसऱ्यांदा हात वर केला. आमोदने तिन्ही फेऱ्यांतील बाटल्यांच्या वजनाचे आकडे मांडले आणि मी कारण सांगितले. सूचना माझी होती, हेही सांगितले. सुखदेवची नोंदवही टेबलावर ठेवली.

सरांनी ती शेवटपर्यंत वाचली. "थोडक्यात," ते म्हणाले, "विष न प्यायल्यास विषबाधा होत नाही, हे आपण दोन महिन्यांत सिद्ध केलं." गोषवारा मागे घेतला. "अर्कात काही आहे की नाही, हे आपल्याला जानेवारीत जेवढं ठाऊक होतं तेवढंच आज आहे. पुन्हा करायचं. नळीने."

बाहेर आल्यावर मी सुखदेवची क्षमा मागितली. तो अवघडला. म्हणाला, "म्हातारी आमास्नी नाक दाबून पाजायची कुड्याचा काढा. उंदराचं नाक कोन दाबनार?"

"मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की. तुमी शिकलेली मान्सं. लिवून पन ठिवलं."

बुधवार, १२ मार्च

अहवाल आला आणि ताईला घरी सोडले. कर्करोग नाही. एका जागी पेशींची ठेवण बदलू लागली आहे. ती पुढे सरकते की थांबते, हे तीन महिन्यांनी पुन्हा पाहायचे. डॉक्टरांनी ताईला विचारले, गोळ्या नियमित घ्याल ना? तिने होकार दिला. ती डॉक्टरांची नजर चुकवते का, हे मी पाहत होते. ते तिच्या लक्षात आले.

संध्याकाळी घरी आल्यावर मी आजपासून नळी वापरायला शिकत असल्याचे सांगितले. उंदराची मान चिमटीत कशी धरायची, हे सुखदेव दाखवतो. आज एक उंदीर मला चावला. ताईने बोट पाहिले आणि म्हणाली, "बरं केलं त्यानं."

ती झोपली आहे असे समजून मी कपाटातले पाकीट काढले आणि उरलेल्या गोळ्या मोजून पाठीमागे बारीक आकडा टाकत होते. काळ्या शाईने, सहज दिसणार नाही असा.

"पूर्णिमा."

मी दचकले. ती उशीला टेकून उठून बसली होती. तिने हात पुढे केला. मी पाकीट दिले. तिने पेनही मागितले. मग एक गोळी काढून माझ्यासमोर पाण्याबरोबर घेतली, तोंड उघडून दाखवले आणि मी टाकलेला आकडा खोडून त्यावर मोठ्या अक्षरात नवा लिहिला.

"मोजत जाय रोज," ती म्हणाली. "पण मी जागी असताना."

पाकीट आता चहाच्या पातेल्याशेजारी उघड्यावर ठेवले आहे.